श्नायडर इलेक्ट्रिक: एका कंपनीच्या इतिहासाबद्दल खान्देशातून येणारे प्रश्न

जळगाव एमआयडीसीतले डाळ मिल, चटई आणि पाइप कारखान्यांचे मेंटेनन्सवाले, आयटीआयची मुलं, रावेर-यावलचे बागायतदार आणि पॅनेल बनवणारे मित्र जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. श्नायडर इलेक्ट्रिक म्हणजे विजेचं सामान आणि यंत्रांचे नियंत्रक बनवणारी कंपनी. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच गोंधळ असतो: वस्तू तीच दिसते, पाटीवरचं नाव मात्र वेगळं. कोणती कंपनी कोणी, कधी घेतली हे ठाऊक असलं की स्पेअर शोधताना अर्धी धावपळ वाचते, म्हणून हा इतिहास नीट समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

१. श्नायडर ही जर्मन कंपनी आहे ना?

नाही, फ्रेंच आहे. मुख्यालय पॅरिसला लागून असलेल्या रुए-माल्मेझों इथे. नाव जर्मन वळणाचं असल्यामुळे सीमेन्सच्या पंगतीत तिला बसवलं जातं, पण १८३६ पासून तिची मुळं फ्रान्सच्या बरगंडी भागातल्या ल क्रुझो या गावात आहेत.

२. १८३६ मध्ये वीज कुठे होती? मग कंपनी करत काय होती?

लोखंड ओतत होती. अडॉल्फ आणि युजीन या श्नायडर बंधूंनी ल क्रुझोची बंद पडत चाललेली ओतशाळा १८३६ मध्ये घेतली. दोनच वर्षांत तिथून वाफेची रेल्वे इंजिनं बाहेर पडू लागली. १८४५ मध्ये अडॉल्फ वारला आणि कारभार युजीनकडे आला. पुढची शंभर वर्षं पोलाद, रूळ, पूल, जहाजांचे भाग आणि तोफा हाच या घराण्याचा धंदा होता. १८७७ मध्ये त्यांनी १०० टनी वाफेचा घण उभारला. तो आजही त्या गावाच्या वेशीवर उभा आहे.

तोफा ओतणारी कंपनी एमसीबी (घरातला छोटा सर्किट ब्रेकर) कशी बनवायला लागली, याचं आयटीआयच्या मुलांना फार नवल वाटतं. त्यांना मी अमळनेरकडे बघायला सांगतो. विप्रोची सुरुवात १९४५ मध्ये अमळनेरच्या वनस्पती तेलाच्या कारखान्यातून झाली आणि आज जग तिला सॉफ्टवेअरसाठी ओळखतं. धंदा बदलला तरी कंपनी तीच राहू शकते, हे खान्देशाला तरी पटायला हवं.

३. पोलादातून विजेकडे ही कंपनी नेमकी कधी वळली?

वळण लांबलचक होतं. १९२९ मध्ये अमेरिकेच्या वेस्टिंगहाउसशी हातमिळवणी करून विजेच्या यंत्रांत मोठं पाऊल पडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर चार्ल्स श्नायडर यांनी सगळ्या उद्योगांची नवी मांडणी केली. ते १९६० मध्ये गेले. मग बेल्जियमच्या एम्पां गटाने प्रवेश केला आणि घराण्याची पकड सुटली.

खरा निर्णय १९८० च्या दशकातला. १९८१ मध्ये दिदिए पिनो-व्हालेंसिएन यांच्याकडे सूत्रं आली तेव्हा गटात पोलाद, जहाजबांधणी आणि वीज असं सगळंच होतं. १९८४ मध्ये क्रुझो-ल्वार ही अवजड उद्योगाची उपकंपनी दिवाळखोरीत गेली. फ्रान्सच्या औद्योगिक इतिहासातला तो मोठा हादरा होता. त्यानंतर गटाने जुने धंदे सोडले आणि फक्त विजेवर लक्ष दिलं. १९८८ मध्ये टेलिमेकॅनिक, १९९१ मध्ये स्क्वेअर डी, १९९२ मध्ये पूर्ण मर्लिन जेरिन आणि १९९४ मध्ये मॉडिकॉन (हिची गोष्ट प्रश्न ६ मध्ये) अशा खरेद्या झाल्या. १९९९ मध्ये नावही श्नायडर इलेक्ट्रिक असं झालं. म्हणजे आपण ओळखतो ती कंपनी नावाने फार जुनी, पण कामाने गेल्या चाळीसेक वर्षांची.

४. टेलिमेकॅनिक, मर्लिन जेरिन, स्क्वेअर डी या आधी स्वतंत्र कंपन्या होत्या का?

होत्या, आणि तिघींचं कसब वेगळं होतं.

मर्लिन जेरिन १९२० मध्ये ग्रेनोबल इथे पॉल-लुई मर्लिन आणि गास्तों जेरिन यांनी काढली. सर्किट ब्रेकर ही तिची ओळख. जुन्या कारखान्यांच्या मेन पॅनेलमध्ये 'एमजी'चा ब्रेकर म्हणतात तो हाच.

टेलिमेकॅनिक १९२४ ची. मोटर चालू-बंद करणारा कॉन्टॅक्टर हे तिचं मर्म. १९८८ मध्ये तिला घ्यायला श्नायडर आणि फ्रामातोम ही दुसरी फ्रेंच कंपनी यांच्यात चुरस लागली आणि टेलिमेकॅनिकच्या कामगारांनी श्नायडरला जोरदार विरोध केला. आज तेच कॉन्टॅक्टर श्नायडरच्या नावाने विकले जातात.

स्क्वेअर डी अमेरिकेतल्या डेट्रॉइटची. १९०२ मध्ये दुसऱ्या नावाने सुरू झाली. सेफ्टी स्विचवर चौकटीत डेट्रॉइटचा 'डी' कोरलेला असायचा. लोक माल मागताना त्या खुणेनेच मागू लागले, म्हणून १९१७ मध्ये कंपनीचं नावच ते झालं. श्नायडरने तिला सुमारे २.२३ अब्ज डॉलरना घेतलं, तेही तिच्या संचालक मंडळाचा सुरुवातीचा विरोध मोडून काढून.

५. जुन्या पॅनेलमध्ये टेलिमेकॅनिकचा कॉन्टॅक्टर आहे, कॉइल जळाली. दुकानदार श्नायडरचा देतो. बसेल का?

बहुतेक वेळा बसतो. नाव पुसलं गेलं तरी क्रमांकाची पद्धत टिकली आहे, आणि म्हणूनच मी सगळ्यांना पाटीवरचं नाव सोडून क्रमांक वाचायला सांगतो.

समजा पाटीवर एलसी१डी०९एम७ असं आहे. 'एलसी१' म्हणजे एका दिशेला मोटर चालवणारा कॉन्टॅक्टर, 'डी' ही मालिका, '०९' म्हणजे मोटरच्या कामासाठी ९ अँपिअर आणि 'एम७' म्हणजे २२० व्होल्ट एसीची कॉइल. शेवटची दोन अक्षरंच सगळ्यात जास्त चुकवली जातात. 'बी७' असेल तर कॉइल २४ व्होल्टची आहे. तिच्या जागी एम७ बसवली तर कॉन्टॅक्टर ओढणारच नाही. एम७ च्या जागी बी७ बसवली तर काही क्षणांत जळका वास येईल. दुकानात जाताना जुन्या कॉन्टॅक्टरच्या पाटीचा फोटो न्या, नुसतं '९ अँपिअरचा द्या' म्हणू नका.

फार जुन्या मालिकेत मात्र ओव्हरलोड रिलेच्या (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा भाग) पिना आणि बाजूचे जादा कॉन्टॅक्ट जुळत नाहीत. तेव्हा कॉन्टॅक्टर आणि रिले जोडीनेच बदलावेत. लिमिट स्विच आणि सेन्सरचं प्रकरण वेगळं आहे, त्यासाठी प्रश्न १३ पाहा.

६. पीएलसीचा (प्रोग्रॅमने यंत्र चालवणारा नियंत्रक) शोध श्नायडरनेच लावला ना? परीक्षेत काय लिहू?

श्नायडरने लावला असं लिहू नका. मॉडिकॉनने लावला असं लिहा, आणि मॉडिकॉन आज श्नायडरकडे आहे असं पुढे जोडा.

१९६० च्या दशकात मोटारींच्या कारखान्यात यंत्रं रिलेंच्या (विजेने चालणारे छोटे स्विच) भिंतीएवढ्या पॅनेलवर चालायची. गाडीचं मॉडेल बदललं की हजारो वायरी सोडून पुन्हा जोडायच्या. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने रिलेंऐवजी बदलता येणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक हवा अशी मागणी काढली. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या बेडफर्ड असोसिएट्स या छोट्या संस्थेत डिक मॉर्ली आणि सहकारी याच कल्पनेवर काम करत होते. मॉर्ली यांनी १ जानेवारी १९६८ रोजी ती कागदावर मांडली होती. तयार झालेल्या यंत्राचं नाव ०८४, कारण तो संस्थेचा ८४ वा प्रकल्प होता. ते विकायला काढलेली कंपनी म्हणजे मॉडिकॉन, आणि १९६९ मध्ये यंत्र जनरल मोटर्सकडे पोचलं.

त्यात लॅडर पद्धत वापरली हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. कारखान्यातला वायरमन रिलेचं ड्रॉइंग वाचू शकत होता, त्याच ड्रॉइंगसारखी भाषा यंत्राला दिली. नवं यंत्र शिकायला कोणाला संगणकशास्त्र शिकावं लागलं नाही. जळगावच्या एखाद्या जिनिंग प्रेसमधला दहावी झालेला इलेक्ट्रिशियन आज लॅडर उघडून दोष शोधतो, त्याची सोय त्या निर्णयाने झाली.

त्याच काळात ॲलन-ब्रॅडली कंपनीतही असंच काम चालू होतं. तिथले ऑडो स्ट्रुगर यांनाही पीएलसीच्या जनकांत गणतात. परीक्षेत दोघांचा उल्लेख केलात तर उत्तर जास्त प्रामाणिक होईल.

मॉडिकॉन श्नायडरकडे थेट आली नाही. १९७७ मध्ये ती गोल्ड कंपनीने घेतली, १९८९ मध्ये जर्मनीच्या एईजीकडे गेली आणि तिथून १९९४ मध्ये श्नायडरच्या वर्तुळात आली. जुन्या पीएलसीवर गोल्ड किंवा एईजी दिसलं तर तो माल खोटा समजू नका.

७. मॉडबस (यंत्रांनी एकमेकांशी बोलायची भाषा) वापरायला श्नायडरला पैसे द्यावे लागतात का?

नाही. मॉडिकॉनने १९७९ मध्ये आपल्या पीएलसींनी एकमेकांशी बोलावं म्हणून मॉडबस बनवलं आणि त्याची माहिती खुली ठेवली. २००४ मध्ये त्याचे हक्क मॉडबस ऑर्गनायझेशन या स्वतंत्र संस्थेकडे दिले गेले. म्हणून तर सावदा-रावेरकडच्या केळी पिकवण्याच्या चेंबरमधला एका कंपनीचा तापमान नियंत्रक, दुसरीचा ड्राइव्ह आणि तिसरीचा मीटर एकाच दोन तारांवर बोलू शकतात.

यातली नेहमीची अडचण इतिहासातूनच आली आहे. मॉडिकॉनच्या पद्धतीत रजिस्टरची (यंत्रात आकडा साठवायची जागा) मोजणी ४०००१ पासून, तारेवरून जाणारा पत्ता मात्र शून्यापासून. पुस्तकात ४०१०१ लिहिलं असेल तर बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये १०० टाकावं लागतं. मीटर शेजारचाच आकडा दाखवत असेल तर आधी पत्ता एकाने मागे-पुढे करून बघा.

८. एकाच कंपनीचे क्वांटम आणि प्रीमियम हे पीएलसी इतके वेगळे का? दोघांना वेगळी सॉफ्टवेअर का लागायची?

कारण ते दोन घरांतून आले. क्वांटम मॉडिकॉनचा, प्रीमियम टेलिमेकॅनिकचा. क्वांटमसाठी कॉन्सेप्ट, प्रीमियमसाठी पीएल७. नंतर युनिटी प्रो या एका सॉफ्टवेअरमध्ये दोघांना आणलं, त्याचंच आजचं नाव कंट्रोल एक्स्पर्ट. जुना प्रोग्रॅम नव्यात नेताना रूपांतर आपोआप होतं असं समजू नका. टाइमर आणि ॲनालॉगचे भाग एकेक करून तपासा.

९. दादा, एल अँड टीना स्टार्टर आते भेटस नही का?

भेटस, पण पाटीवर नाव वेगळं शे! खान्देशातल्या विहिरीवर, बोअरवर गेली कित्येक वर्षं मोटरीचा स्टार्टर म्हणजे एल अँड टी हे ठरलेलं होतं, म्हणून हा प्रश्न हंगाम सुरू झाला की सतत येतो.

झालं असं. लार्सन अँड टुब्रोने आपला इलेक्ट्रिकल अँड ऑटोमेशन विभाग श्नायडरला विकायचं मे २०१८ मध्ये जाहीर केलं. किंमत १४,००० कोटी रुपये, रोखीने. कमी दाबाच्या स्विचगिअरमध्ये (ब्रेकर, कॉन्टॅक्टर, स्टार्टर असं सामान) दोन मोठे खेळाडू एकत्र येत असल्यामुळे भारतीय स्पर्धा आयोगाने कसून तपासणी केली आणि २०१९ मध्ये अटी घालून मंजुरी दिली. ३१ ऑगस्ट २०२० रोजी व्यवहार पूर्ण झाला. सिंगापूरच्या टेमासेक या गुंतवणूक कंपनीने यात ३५ टक्के हिस्सा घेतला, ६५ टक्के श्नायडरकडे राहिला. एल अँड टी हे नाव मूळ कंपनीचं, ते विकलेलं नव्हतं. म्हणून काही काळ जुन्या नावाने विक्री झाल्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये या मालाला 'लॉरिट्झ नुडसेन' हे नाव दिलं गेलं.

अहिल्यानगरसारखे जुने कारखाने त्या व्यवहारात नव्या मालकाकडे गेले. स्टार्टर बदलताना नावापेक्षा रिलेची मर्यादा बघा. ५ एचपीची थ्री फेज मोटर साधारण साडेसात अँपिअर घेते. रिलेची पट्टी (अँपिअरची रेंज) त्या आकड्याला मध्यभागी घेणारी हवी. 'ट्रिप होतो' म्हणून पट्टी वर सरकवून ठेवली की उन्हाळ्यात कमी व्होल्टेजला मोटर जळते, आणि मग दोष स्टार्टरच्या नव्या नावावर जातो.

१०. म्हणजे एल अँड टी कंपनीच विकली गेली?

अजिबात नाही. विकला गेला तो एक विभाग. बांधकाम, अवजड अभियांत्रिकी, संरक्षण, आयटी हे सगळं लार्सन अँड टुब्रोकडेच आहे.

११. हे लॉरिट्झ नुडसेन नाव कुठून आणलं? आणि टेंडरच्या मेक लिस्टमध्ये (मान्य कंपन्यांची यादी) 'एल अँड टी' असेल तर हा माल चालतो का?

नाव डेन्मार्कचं आहे. लॉरिट्झ नुडसेन यांनी १८९३ मध्ये कोपनहेगनमध्ये विजेचं सामान बनवायला सुरुवात केली. त्यांची 'एलके' पुढे लेक्सेल गटात गेली आणि १९९९ मध्ये लेक्सेल श्नायडरने घेतला, त्यामुळे नाव श्नायडरच्या हाती आधीपासून होतं. १९३८ मध्ये मुंबईत एल अँड टी काढणारे हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो हे अभियंतेही डॅनिशच. परकं वाटणारं नाव निवडण्यामागे हा धागा आहे.

मेक लिस्टचं म्हणाल तर गृहीत धरू नका. माल तोच असला तरी तपासणीला येणारा अधिकारी कागद बघतो. ऑर्डर देण्याआधी नाव बदलल्याचं कंपनीचं पत्र डीलरकडून घ्या, ते जोडून खात्याची लेखी मान्यता मागा. पॅनेल तयार झाल्यावर पत्रव्यवहार सुरू केलात तर बिल अडकतं, हे आपल्या भागातल्या बऱ्याच ठेकेदारांनी सोसलं आहे. यादीत 'एल अँड टी / श्नायडर / सीमेन्स' अशी तीन नावं असतील आणि दोन स्वतंत्र कंपन्यांचे दर हवेत अशी अट असेल, तर पहिल्या दोघींचा मालक एकच आहे हे खरेदी विभागाला आधीच सांगा.

१२. घरचा ल्युमिनस इन्व्हर्टर, ऑफिसातला एपीसीचा यूपीएस आणि लेग्रँडचे स्विच, हे सगळं श्नायडरचंच ना?

पहिली दोन हो, तिसरं नाही.

ल्युमिनसमधला ७४ टक्के हिस्सा श्नायडरने २०११ मध्ये घेतला. लोडशेडिंगच्या काळात खान्देशात घराघरांत पोचलेलं हे नाव ग्राहकांच्या ओळखीचं होतं, ते तसंच ठेवलं. एपीसी १९८१ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, २००७ मध्ये ६.१ अब्ज डॉलरना घेतली गेली. पॅनेलमध्ये दिसणारे ईएम६४०० मीटर बंगळुरूच्या कॉन्झर्व्ह कंपनीचे, ती २००९ मध्ये आली.

लेग्रँडचा गैरसमज मात्र समजण्यासारखा आहे. २००१ मध्ये श्नायडरने लेग्रँड घ्यायचा घाट घातला, शेअरही घेतले. पण दोन्ही फ्रेंच कंपन्या एक झाल्या तर बाजारात स्पर्धा उरणार नाही म्हणून युरोपीय आयोगाने ऑक्टोबर २००१ मध्ये मनाई केली. वर्षभराने न्यायालयाने ती मनाई रद्द ठरवली, पण तोवर लेग्रँड विकायची तयारी झाली होती आणि २००२ च्या अखेरीस ती केकेआर आणि वेंडेल या गुंतवणूक कंपन्यांकडे गेली. आज लेग्रँड पूर्ण स्वतंत्र आहे. न्यूमेरिक यूपीएस आणि इंडो एशियन स्विचगिअर तिच्याकडे आहेत, श्नायडरकडे नाहीत.

१३. लिमिट स्विचवर अजून 'टेलिमेकॅनिक सेन्सर्स' लिहिलेलं येतं. मग ते नाव बंद झालं की नाही?

हा सगळ्यात फसवा अपवाद. कॉन्टॅक्टरवरून टेलिमेकॅनिक हे नाव गेलं, सेन्सर आणि लिमिट स्विचवर राहिलं. पण हा सेन्सरचा धंदा श्नायडरने तैवानच्या यागेओ कंपनीला विकला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तो तिकडे गेला. म्हणजे जिथे जुनं नाव दिसत नाही तो कॉन्टॅक्टर श्नायडरचा, आणि जिथे दिसतं तो सेन्सर श्नायडरचा नाही. वॉरंटीची तक्रार कुठे करायची हे बिलाच्या तारखेवरून आणि डीलरकडून पक्कं करून घ्या.

१४. सबस्टेशनमधल्या रिलेवर कुठे अरेवा, कुठे अल्स्टॉम, कुठे श्नायडर. कोणाला फोन करायचा?

अल्स्टॉमचा पारेषण-वितरण विभाग २००४ मध्ये अरेवाने घेतला. २०१० मध्ये अरेवाने तो विकला तेव्हा त्याचे दोन तुकडे झाले: उच्च दाबाचं पारेषण अल्स्टॉमकडे परत गेलं, मध्यम दाबाचं वितरण श्नायडरकडे. अल्स्टॉमचा तुकडा २०१५ मध्ये जीईकडे गेला, आता तो जीई व्हर्नोव्हात आहे. मायकॉम हे रिलेचं नाव दोन्ही घरांत पोचलं, म्हणून नुसतं 'मायकॉम' सांगून सर्व्हिस इंजिनिअर मिळणार नाही. पाटीवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक आणि सीरियल क्रमांक द्या.

१५. फॉक्सबोरो, ट्रायकोनेक्स, वंडरवेअर यांचं काय?

तिन्ही इन्व्हेन्सिस या ब्रिटिश गटातून आले. श्नायडरने तो २०१४ मध्ये सुमारे ३.४ अब्ज पौंडांना घेतला. फॉक्सबोरो प्रक्रिया नियंत्रणातलं जुनं नाव, १९०८ पासूनचं. ट्रायकोनेक्स सुरक्षा यंत्रणेसाठी. वंडरवेअर हे स्काडा (कारखाना संगणकाच्या पडद्यावरून बघण्या-चालवण्याचं) सॉफ्टवेअर २०१८ मध्ये अवेव्हा कंपनीत विलीन केलं गेलं आणि २०२३ च्या सुरुवातीला अवेव्हाही पूर्णपणे श्नायडरची झाली. नोकरीच्या जाहिरातीत 'अवेव्हा इनटच' मागितलं असेल आणि तुम्ही वंडरवेअर इनटच शिकला असाल, तर बेधडक अर्ज करा. याच गटातली युरोथर्म मात्र २०२२ मध्ये वॅटलो कंपनीला विकली गेली आहे.

१६. 'श्नायडर इलेक्ट्रिक इन्फ्रास्ट्रक्चर'चा शेअर घेतला म्हणजे ल्युमिनस, लॉरिट्झ नुडसेन या सगळ्यात वाटा मिळतो का?

नाही. भारतीय शेअर बाजारात नोंदलेली ही कंपनी म्हणजे प्रश्न १४ मधल्या अरेवाच्या वितरण विभागाचा भारतातला भाग. ट्रान्सफॉर्मर, मध्यम दाबाचं स्विचगिअर हे तिचं काम, कारखाना वडोदऱ्याला. लॉरिट्झ नुडसेनचा धंदा आहे 'श्नायडर इलेक्ट्रिक इंडिया प्रायव्हेट लिमिटेड'कडे, आणि ती बाजारात नोंदलेली नाही. तिच्यातला टेमासेकचा ३५ टक्के हिस्साही ५.५ अब्ज युरोंना विकत घेण्याचा करार श्नायडरने जुलै २०२५ मध्ये जाहीर केला. मूळ कंपनीचा शेअर पॅरिसच्या बाजारात चालतो.